हो म्हणणारा आवाज

१

बिल आधी थोरल्याच्या हातात पडलं. त्याने ते हातभर लांब धरून पाहिलं, मग नाकाशी नेलं, मग चष्मा काढून पुसला. त्याचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे नजरेत खोट नव्हती. बिलातच होती.

"दुप्पट!" तो ओरडला. "कमी करायला सांगितलं होतं, आणि यांनी दुप्पट केलं!"

घरातलं टीव्हीचं कनेक्शन, इंटरनेट आणि हॉलमधला जुना फोन, तिन्ही एकाच कंपनीची. महिन्यापूर्वी थोरल्याने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना बसवून 'काटकसर मोहीम' जाहीर केली होती. एकेकाने एकेक गोष्ट सोडायची. त्याने स्वतः खेळांच्या वाहिन्या सोडल्या. आईने, म्हणजे माईंनी, मालिकांच्या वाहिन्यांवर पाणी सोडलं, पण अशा चेहऱ्याने की जणू कुणी अंगावरचे दागिने उतरवून मागितलेत. धाकट्या भावाला घरात सगळे शेंडेफळ म्हणत. तो व्हिडिओ जोडण्याची कामं घरून करायचा. त्याने तासभर वाद घालून इंटरनेटचा वेग निम्मा करायला होकार दिला. थोरल्याच्या बायकोने सिनेमांची वर्गणी बंद केली. राहिले वडील. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांनी हॉलमधला फोन सोडायचा होता. हा फोन म्हणजे त्यांचा जीव की प्राण, तेव्हा आता महाभारत होणार म्हणून सगळे सावरून बसले. पण नाना शांतपणे म्हणाले, "काढून टाका. कोण बोलतं त्यावर आता?"

थोरल्याने कंपनीला कळवलं. पुढच्या महिन्यापासून सगळं निम्म्यावर येणार होतं. शिल्लक पडेल त्यातून गळकी गच्ची दुरुस्त करायची होती.

आणि आता बिलावर लिहिलं होतं, 'महाकुटुंब योजना'. सगळ्या वाहिन्या, दुप्पट वेग, सिनेमे, फोन, आणि दोन वर्षं बंद करायची सोय नाही.

थोरल्याच्या बायकोने मदत केंद्राला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा. मग बासरी. बासरी थांबली की 'आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे', मग पुन्हा बासरी. तिसऱ्यांदा फोन कटला तेव्हा तिने उशीवर बुक्की मारली. चौथ्यांदा माणूस भेटला.

"मॅडम, ही योजना तुमच्याच संमतीने सुरू झाली आहे," तो म्हणाला.

"आम्ही कुणीही संमती दिलेली नाही."

"दिली आहे. आम्ही हॉलमधल्या नंबरवर फोन केला होता, गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी दुपारी. एका पुरुषाने घेतला. शेवटपर्यंत सगळ्याला हो म्हणाले ते."

तिने सावकाश मान वर केली. खोलीत तीन पुरुष उभे होते. तिघेही तिच्याकडेच बघत होते.

२

थोरल्याच्या बायकोला घरात 'इन्स्पेक्टर' म्हणत. विमा कंपनीत तिचं काम दाव्यांची छाननी करण्याचं. कुणाचं दुकान खरंच जळलं आणि कुणी जाळलं, कुणाची गाडी चोरीला गेली आणि कुणी मेव्हण्याच्या गोठ्यात लपवली, हे ती दिवसभर टेबलावर बसून शोधायची. माणसं खोटं का बोलतात यात तिला आता काही नवल वाटत नसे. फक्त वैताग यायचा. आणि तोच वैताग घरी आल्यावरही पाठ सोडत नव्हता.

तिने शेंडेफळाला पहिल्यांदा गाठलं. तो कानांवर मोठे हेडफोन चढवून संगणकासमोर बसला होता.

"भाऊजी, त्या बुधवारी दुपारी कुठे होतात?"

"हो," तो म्हणाला.

तिने हेडफोन ओढून काढले. "काय हो?"

"अं? काय म्हणालात, वहिनी?"

"बुधवारी कुठे होतात?"

"शाळेच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग होतं. सकाळीच गेलो होतो." तो तोंड वाकडं करून म्हणाला, "माझ्यावर संशय आहे ना? इंटरनेट मला लागतं म्हणून? दादाला विचारा आधी. बुधवारी त्याचं दुकान बंद असतं."

ते खरं होतं. तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो पाणी पीत होता. प्रश्न ऐकल्यावर आणखी एक ग्लास प्यायला.

"काचांचा माल आणायला गेलो होतो."

"कुठला माल? दुकानात तर कसला नवीन माल दिसला नाही मला."

"आला नव्हता. परत आलो." त्याने ग्लास धुतला, पुसला, पुन्हा धुतला. "तू माझीच उलटतपासणी करणार? ही मोहीम माझी होती!"

तो खोटं बोलत होता, हे कळायला तिला विमा कंपनीतल्या अनुभवाची गरज नव्हती. लग्नाची वर्षं पुरेशी होती.

माईंना तिने विचारलंच नसतं, कारण आवाज पुरुषाचा होता. पण माई स्वतःहून सुरू झाल्या.

"बुधवारी ना? मी शिंप्याकडे गेले होते. आले तर दार बंद. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं माझं. जिना चढून आलेली, धाप लागलेली, आणि आत कुणी ढिम्म हलत नाही! शेवटी खालच्या शेजारणीकडची किल्ली आणली, तीही जिना परत उतरून परत चढून. आत आले तर हे आपले खुर्चीत डोळे मिटून पडलेले. झोप म्हणजे तरी किती असावी माणसाला!"

"म्हणजे नाना घरी होते."

"ते कुठे जातात? पण झोपलेला माणूस फोन घेईल का, सांग बरं."

इन्स्पेक्टरला यात कुठेतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते सापडेना. शिंप्याकडून घरात काहीच आलं नव्हतं, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं. आता सासूबाईंचीही चौकशी करायची का? तिने कपाळावर हात मारून घेतला.

३

नानांनी आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले होते. दुकान विकून बरीच वर्षं झाली, पण घराच्या एका कोपऱ्यात त्यांचं टेबल अजून मांडलेलं होतं. तारा, स्क्रू, डाखकाम करायची तापती सळई. त्यांच्या खुर्चीसमोर टीव्ही चालू असायचा, आवाज अगदी बंद. "त्या बातम्यांचा कलकलाट नको," ते म्हणत. खाली पळणारी अक्षरं तेवढी वाचत. इतर घरांतले म्हातारे टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा लावतात, आमचे नाना किती समंजस, असं घरात सगळ्यांना कौतुक होतं.

इन्स्पेक्टर धुतलेले कपडे दोरीवरून काढत होती. पाठमोरीच तिने विचारलं, "नाना, त्या बुधवारी कंपनीचा फोन तुम्ही घेतला होता का?"

"हो, हो," नाना म्हणाले.

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. इतकं सोपं? ती गर्रकन वळली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही घेतला होता फोन?"

नानांनी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. "कसला फोन?"

"कंपनीचा! टीव्हीवाल्यांचा!"

"छे. मला कुठल्या कंपनीचा फोन आला नाही."

"आत्ता तर हो म्हणालात!"

"मी?" नाना गोंधळले. त्यांच्या हातातली सळई टेबलावर टेकली आणि लाकडाचा वास आला. "मी असं कसं म्हणेन?"

एकाच मिनिटात एक हो आणि एक नाही. एकतर म्हातारपणी यांची स्मरणशक्ती चालली होती, नाहीतर हे कुणालातरी पाठीशी घालत होते. बहुतेक थोरल्याला. ती तणतणत हॉलमध्ये गेली. फोन दाराशेजारच्या स्टुलावर होता. त्यावर नानांनी स्वतः बसवलेला लाल दिवा. घंटीने दुपारची झोप मोडते म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनीच घंटी बंद करून तो बसवला होता. फोन आला की दिवा लुकलुकायचा. कलाकुसर बघून पाहुणे वाहवा करायचे.

त्या दिवशी संध्याकाळी भावाभावांत जुंपली.

"तुझं दुकान बंद होतं, तूच होतास घरी!"

"आणि वेग कुणाला हवा होता? मला?"

"मी इथे राहतो म्हणून मला चोर ठरवायचं असेल तर सरळ सांग, दादा. मी खोली बघतो."

माई मध्ये पडायला उठल्या, पण दोन पावलांतच खुर्चीचा हात धरून थांबल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. कुणाचं लक्ष नव्हतं, एका इन्स्पेक्टरशिवाय.

"बास!" ती म्हणाली. "उद्या मी तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकून येते."

४

कंपनीच्या कार्यालयात तिला आधी टोकन मिळालं, मग दुसरी खिडकी, मग "हे आमच्याकडे नाही होत". तिने खुर्ची काउंटरसमोर ओढली आणि बसली.

"रेकॉर्डिंग ऐकवल्याशिवाय मी उठणार नाही."

"मॅडम, नियम..."

"संमती घेतली असा दावा तुमचा आहे. पुरावा दाखवा. मी रोज हेच काम करते, मला घाई नाही."

मागच्या रांगेतल्या लोकांना मात्र घाई होती. त्यांनी आरडाओरडा सुरू केल्यावर काउंटरवरच्या माणसाने हार मानली आणि संगणकाचं तोंड तिच्याकडे वळवलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. एका मुलीचा गोड, पढवलेला आवाज. "नमस्कार सर, आपण खातेदारच बोलताय ना?"

"हो."

इन्स्पेक्टरने कान टवकारले. पुरुषाचा आवाज, घरातलाच. पण कुणाचा? फोनवर त्या तिघांचा आवाज इतका सारखा यायचा की लग्न ठरल्यावर एकदा ती नवरा समजून सासऱ्यांशी लाडात बोलली होती. आणि इथे बिचाऱ्याला बोलायला मिळत होता फक्त एक शब्द.

"सर, आपण आमचे जुने ग्राहक आहात, म्हणून खास आपल्यासाठी महाकुटुंब योजना आणली आहे. सांगू का?"

"हो, हो."

मुलगी धडाधड सांगत सुटली. मध्येच पाठीमागून बेलचा आवाज आला. लांबलचक. मग पुन्हा. मग एकदा तर कुणी बटणावर बोट दाबूनच धरलं. फोनवरचा माणूस "एक मिनिट हं" म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही.

"सर, आपल्याला आधी खेळांच्या वाहिन्या सुरू करून देऊ की सिनेमांच्या?"

"हो," आवाज म्हणाला.

"दोन्ही करते, सर! दोन वर्षांचा करार मान्य आहे?"

"हो. बरं. हो."

रेकॉर्डिंग संपलं.

"ऐकलंत ना?" काउंटरवरचा माणूस सुटकेच्या स्वरात म्हणाला. "स्पष्ट हो म्हणालेत."

"हे की ते, असं विचारल्यावर हो म्हणाले," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही कुणाला 'बसणार की उभे राहणार' विचारलंत आणि तो हो म्हणाला, तर तुम्ही काय समजाल? माझ्या टेबलावर असा दावा आला असता तर मी बाजूला फेकला असता. तुमच्या वरिष्ठांना बोलवा. आत्ता."

वरिष्ठ आले, त्यांनी ऐकलं, कान खाजवला आणि करार तपासून आठवड्याभरात कळवतो म्हणाले. लेखी घेऊनच ती निघाली.

पण रस्त्यात तिच्या डोक्यात कंपनी नव्हतीच. त्या बेल होत्या. त्या माईंनी वाजवलेल्या. बोट दुखेपर्यंत. म्हणजे फोन चालू असताना माई दाराबाहेर होत्या, आणि बोलणारा माणूस दाराच्या आत, हात लांब केला तर दार उघडेल एवढ्या अंतरावर. शेंडेफळ असता तर धावत दार उघडलं असतं. थोरला असता तर तेच. चोरून फोन करणारा माणूससुद्धा फोन ठेवून दार उघडतो, उलट आधी ठेवतो. आणि नाना झोपलेले असते तर बोलत कोण होतं?

राहिला एकच माणूस, जो जागा होता, दाराशेजारी होता, आणि ज्याच्यापर्यंत ती बेल पोचलीच नाही.

ती भर रस्त्यात थांबली. मागून येणारा सायकलवाला तिच्या नावाने बोटं मोडत बाजूने गेला.

५

घरी नाना कोपऱ्यातल्या टेबलाशी होते, पाठ दाराकडे. घरात दुसरं कुणी नव्हतं. इन्स्पेक्टरने चपला न वाजवता काढल्या आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "नाना, चहा घेणार की सरबत?"

"हो," नाना मागे न बघता म्हणाले.

ती पुढे गेली, स्टूल ओढून बरोबर त्यांच्यासमोर बसली आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "किती दिवस झाले, नाना?"

त्यांनी लगेच ओळखलं. सळई बंद केली. बराच वेळ स्क्रू एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकत राहिले.

"दोन-अडीच वर्षं. आधी एक कान गेला. मग दुसरा. समोर बसून बोललं की कळतं थोडं."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मी मशीन उघडायच्या आधी नुसत्या खरखरीवरून बिघाड सांगायचो. लांबून माणसं यायची. लोक म्हणायचे, याचे कान सोन्याचे." ते हसले, पण ते हसणं धड नव्हतं. "मग एकदा हिला 'काय म्हणालीस' विचारलं, दोनदा, तीनदा. ती चिडली. हो म्हटलं, तर चिडली नाही. तेव्हापासून हो म्हणतो."

"फोन काढायला म्हणूनच तयार झालात?"

"सुटलो असतो ना."

"मग त्या दिवशी उचललात कशाला?" तिचा आवाज चढला. आठवडाभराचा सगळा वैताग त्यात होता. "दोघे भाऊ एकमेकांची तोंडं बघत नाहीयेत, नाना!"

ती बोलत असतानाच नानांनी मान खाली घातली होती. ओठ दिसत नसताना आपण काय बोललो ते त्यांना कळलं नसणार, हे तिच्या लक्षात आलं. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. ते वर बघेपर्यंत थांबली आणि पुन्हा तेच विचारलं, या वेळी हळू.

"ही बाहेर गेली होती," नाना म्हणाले. "लवकर येते म्हणाली होती, एवढं ओठांवरून कळलं होतं. पण उशीर झाला. हल्ली तिला जिन्यात धाप लागते, मला दिसतं ते. मी दाराजवळच खुर्ची घेऊन बसलो. तेवढ्यात दिवा लुकलुकला. उचलला. बाईचा आवाज आहे एवढं कळलं, शब्द एकही नाही. म्हटलं, हीच असेल. कुणाच्या तरी घरून बोलत असेल, उशीर होतोय म्हणत असेल. मी आपला हो म्हणत राहिलो. ठेवावासा वाटेना. ती बोलतेय तोवर ती ठीक आहे, नाही का?"

आणि माई तेव्हा दारापलीकडे उभ्या होत्या.

"सगळ्यांना सांगणार?" नानांनी विचारलं.

"मी नाही सांगणार," इन्स्पेक्टर म्हणाली. "पण संध्याकाळी भाऊजी सामान बांधून निघतायत. तुम्ही ठरवा."

६

शेंडेफळाची बॅग खरंच हॉलमध्ये होती. थोरला टेबलाशी बसून बिलाच्या घड्या घालत होता आणि उलगडत होता.

"सापडला का गुन्हेगार?" त्याने बायकोला विचारलं.

"आधी तू सांग, बुधवारी कुठे होतास. तू नव्हतास हे मला माहीत आहे, तरी सांग."

थोरल्याने भावाकडे पाहिलं, मग छताकडे. "बाजूच्या घड्याळवाल्याकडे. सामना बघत होतो. दर बुधवारी जातो."

"अरे वा!" शेंडेफळ उसळला. "आणि मला उपदेश!"

"तुम्ही शेजारणीचं इंटरनेट वापरता ते सांगू का, भाऊजी?" इन्स्पेक्टर म्हणाली. तो खाली बसला.

तेव्हा नाना उठले. सगळ्यांना एकदम बघता येईल अशा जागी, टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले.

"फोन मी घेतला होता. ती बाई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मला आता कुणाचंच ऐकू येत नाही."

थोरल्याच्या हातातलं बिल चुरगळलं. लोकांचे डोळे तपासण्यात त्याचा दिवस जायचा, आणि समोर जेवायला बसणाऱ्या बापाचे कान त्याला दिसले नव्हते. शेंडेफळाने बॅग पायाने हळूच सोफ्याखाली ढकलली. "आपण यंत्र आणू, नाना," तो मोठ्याने म्हणाला, मग पुढे येऊन, समोरून, पुन्हा म्हणाला.

माई मात्र बसल्याच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग चढत होता, आणि तो बिलाचा नव्हता.

"म्हणजे ही दोन वर्षं मी जे जे बोलले..." त्या थांबल्या. "मला वाटलं, म्हातारपणी का होईना, माझं ऐकून घेताय. मैत्रिणींना सांगितलं मी, हे आता किती बदललेत म्हणून!"

नाना त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," माईंचा आवाज कापायला लागला. "सकाळी, तुम्ही पेपर वाचत होतात. म्हटलं, जिना चढताना छातीत धडधडतं, अंधारी येते, भीती वाटते, चला ना माझ्याबरोबर डॉक्टरकडे. तुम्ही हो म्हणालात. आणि पान उलटलंत. परत कशाला सांगायचं मी? एकटी गेले बुधवारी. शिंपी नाही नि कुणी नाही. डॉक्टर म्हणाले तपासण्या करा, लगेच. मी घरी आले तर दारही उघडेना. मग म्हटलं, कुणासाठी करायच्या तपासण्या?"

"आई!" दोन्ही मुलं एकदम म्हणाली. थोरल्याने फोनसाठी हात लांब केला, शेंडेफळ चपला शोधायला लागला, आणि दोघेही एकमेकांना धडकले.

"थांबा रे दोघं," इन्स्पेक्टर म्हणाली. "उद्या सकाळी पहिला नंबर मी लावते. आत्ता स्वयंपाकघरात चला."

पुढे तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. वेळेत कळलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि औषधं सुरू झाली. कंपनीने कुरकुरत करार रद्द केला. गच्ची तशीच गळत राहिली, कारण पहिल्या वर्षाची शिल्लक नानांच्या कानांच्या यंत्राला गेली आणि त्यावर कुणी एक शब्द काढला नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी इन्स्पेक्टरने दिराला आणि नवऱ्याला ढकलत स्वयंपाकघरात नेलं. दार लोटताना तिला दिसलं, नाना घाईघाईने वळून टीव्ही बंद करत होते. मग त्यांनी आपली खुर्ची उचलून माईंच्या समोर आणली, इतकी जवळ की गुडघ्याला गुडघा लागला. माईंनी मान फिरवली. नानांनी वाट पाहिली. दोन वर्षांत कुणासमोर बसले नव्हते तसे बसून राहिले, नजर त्यांच्या चेहऱ्यावर ठेवून.

"मला काहीच कळलं नव्हतं गं," ते म्हणाले. "आता सांग. सगळं सांग."

माईंनी पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि त्या नानांकडे वळल्या.

"पहिल्यापासून सांगते," त्या म्हणाल्या. "आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. मी परत सांगेन. चिडेन, पण परत सांगेन."